ओरलँडोला सात जण, त्यात तिघे सत्तरीचे: कुठला टाइमशेअर रिसॉर्ट घ्यावा?

कराड_ते_एडिसन

नमस्कार मंडळी. आम्ही एडिसनला राहतो. यंदा सासू-सासरे आणि माझी आई, तिघंही एकदमच सप्टेंबरात येतायत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात न्यू जर्सीच्या शाळांना शिक्षक अधिवेशनाची सुट्टी असते, आमच्याकडे मंगळवारी निवडणुकीचीही आहे. मधले दोन-तीन दिवस शाळा बुडेल, पण सोमवार २ ते सोमवार ९ नोव्हेंबर ओरलँडोला जायचं पक्कं झालंय. लक्ष्मीपूजन ८ तारखेला येतंय, म्हणजे पहाटेची अभ्यंगस्नानं आणि संध्याकाळची पूजा दोन्ही तिथेच. हॉटेलच्या तीन खोल्यांत सगळे विखुरण्यापेक्षा स्वयंपाकघर असलेला टू-बेडरूम टाइमशेअर (रिसॉर्टमधलं घर, जिथे दरवर्षी ठराविक दिवस राहायचा हक्क लोक विकत घेतात) बरा, इथपर्यंत घरात एकमत आहे. पुढे गाडी अडली आहे.

माणसं सांगते. सासरे ७४ वर्षांचे, उसाची शेती केलेले, अजून रोज शेतावर चक्कर मारतात. सासूबाईंना मधुमेह, जेवायची वेळ चुकवून चालत नाही. माझ्या आईचा उजवा गुडघा गेलाय. सपाटीवर अर्धा तास चालते, जिना मात्र नाही. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४.

समोर चार पर्याय आहेत. पहिला, डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं किडानी व्हिलेज, कुणाचे तरी पॉइंट भाड्याने घेऊन (डिस्नेच्या टाइमशेअरमधला राहण्याचा हक्क पॉइंटांत मोजतात). दुसरा, डिस्नेचंच ओल्ड की वेस्ट; खोल्या सगळ्यांत मोठ्या आणि पॉइंट कमी लागतात असं वाचलं. तिसरा, बॉनेट क्रीक. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकांचा तिथे टाइमशेअर आहे आणि ते किडानीच्या निम्म्याहून कमी पैशात द्यायला तयार आहेत. चौथा, पुण्याच्या भाऊजींची क्लब महिंद्राची मेंबरशिप आहे, तिच्यावर आरसीआय या टाइमशेअरच्या आठवड्यांची अदलाबदल करणाऱ्या कंपनीमधून ओरलँडोला आठवडा मिळतो म्हणतात. शिवाय नवऱ्याच्या मनात आहे की एवढं करतोच आहोत तर टाइमशेअर विकणाऱ्यांचं एखादं प्रेझेंटेशन ऐकावं, पार्कची तिकिटं स्वस्तात मिळतात, आणि पटलं तर स्वतःचाच टाइमशेअर घेऊन टाकावा.

मला काळजी आईची आहे. ती दुखतंय असं कधी म्हणत नाही. मागच्या खेपेला नायगऱ्याला दिवसभर "मी ठीक आहे गं" म्हणत आमच्या मागून चालत राहिली. रात्री तिचे मोजे काढले तेव्हा घोट्यावर इलॅस्टिकचा असा खोल वळ उमटला होता की बोट फिरवलं तर खाच लागत होती. तेव्हापासून मी स्वतःला सांगितलंय की पुढची सहल तिच्या पायांकडे बघून ठरवायची. ज्यांनी आई-वडिलांना नेलंय त्यांनी कृपया नीट सांगा.

टॅम्पाकर

ताई, मी २२ वर्षं टॅम्पात आहे. माझे आई-वडील, सासूबाई, दोन मावश्या, सगळ्यांना पार्क दाखवून झालेत. त्यामुळे सविस्तर लिहिते.

रिसॉर्ट निवडताना सगळे विचारतात की पार्कपासून किती मैल. तुम्ही एकच विचारा: दुपारी दोन वाजता आई थकली तर तिला पलंगावर आडवं करायला किती वेळ लागेल, आणि त्यात तिला किती वेळा उठबस करावी लागेल? बाकीचं सगळं यानंतर.

हे मी वडिलांकडून शिकले. २०१६ साली आम्ही बाहेरच्या एका टाइमशेअरमध्ये उतरलो होतो. खोली उत्तम, नकाशावर डिस्नेचं मॅजिक किंगडम पार्क दहा मिनिटांवर. पण मॅजिक किंगडमचं पार्किंग पार्कच्या दाराशी नाही. गाडी तळ्याच्या अलीकडे लावायची, ट्रॅमने स्टेशनवर जायचं, तिथून मोनोरेल नाहीतर फेरीबोट, आणि मग दार. सकाळी हे मजेचं वाटतं, मुलं बोटीत उड्या मारतात. दुपारी वडिलांना चक्कर आल्यासारखं झालं आणि तोच प्रवास उलटा करायचा होता. बोटीची वाट बघताना ते कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते. त्यांच्या हाताच्या शिरा मला अजून दिसतात. किल्ल्यासमोरून निघाल्यापासून खोलीतल्या पलंगापर्यंत सव्वा तास गेला. त्या सव्वा तासात ते एकदाही काही बोलले नाहीत. तुमच्या आईचं वाचलं आणि तेच आठवलं.

डिस्नेच्या स्वतःच्या रिसॉर्टची बस मात्र मॅजिक किंगडमच्या दारापर्यंत येते. तिला रॅम्प असतो, व्हीलचेअर आहे तशी आत जाते. तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक हाच.

आता एकेक घेऊ. बॉनेट क्रीक वाईट नाही. जागा तर गंमतशीर आहे, तीन बाजूंनी डिस्नेची जमीन आणि मध्ये हा तुकडा डिस्नेचा नाही. टू-बेडरूम प्रशस्त, तळं, पोहण्याचे तलाव भरपूर. चाळिशीतलं जोडपं आणि दोन मुलं असती तर मी डोळे मिटून तेच घ्या म्हटलं असतं. पण तिथून मॅजिक किंगडमला गाडीने गेलात की वर सांगितलेला सगळा द्राविडी प्राणायाम आला, आणि रोजचं पार्किंगचं भाडं वेगळं.

ओल्ड की वेस्ट कृपया घेऊ नका. डिस्नेच्या टाइमशेअरची सुरुवातच १९९१ साली तिथून झाली, खोल्या खरंच मोठ्या आहेत, झाडी छान आहे. पण बहुतेक इमारतींना लिफ्टच नाही. फक्त ६२ ते ६४ क्रमांकाच्या इमारतींना आहे. तिथली खोली मिळेल या भरवशावर गुडघा गेलेल्या माणसाला नेऊ नये.

किडानी व्हिलेज तुमच्या माणसांना सगळ्यात शोभेल. टू-बेडरूममध्ये नऊ जण झोपू शकतात आणि बाथरूम तीन आहेत, हे लक्षात घ्या. बहुतेक टू-बेडरूम टाइमशेअरमध्ये दोनच असतात. सात माणसांची अभ्यंगस्नानं सूर्योदयाआधी उरकायची तर तिसऱ्या न्हाणीघराचं मोल तुम्हाला त्या दिवशी कळेल. सव्हाना व्ह्यूची खोली घेतली तर गॅलरीसमोर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. माझे वडील सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन तिथे बसले की नाश्त्याला हाका माराव्या लागत. पार्कला न जाताही ज्येष्ठांचा दिवस जातो अशी ही जागा आहे, आणि याचा अर्थ रोज सातही जणांना ओढत न्यायची सक्ती उरत नाही.

दोष दोन. इमारत लांबलचक वळणाची आहे, कॉरिडॉर संपता संपत नाहीत. लॉबीजवळची खोली हवी अशी विनंती बुकिंगवर लिहायची आणि आठवडाभर आधी पुन्हा फोन करून सांगायची. हमी नसते, पण माझं दोनदा ऐकलंय. दुसरा दोष म्हणजे तिथून कुठेही जायला बसच; मॅजिक किंगडम त्यातल्या त्यात लांब पडतं. मॅजिक किंगडमला बसने जा, बाकी तीन पार्कना आपली मिनीव्हॅन न्या. डिस्नेच्या रिसॉर्टमध्ये राहिलात की पार्कमधलं पार्किंग फुकट असतं. किडानीचं पार्किंग इमारतीच्या खालीच आहे, पाऊस आला तरी आई भिजणार नाहीत.

पैशाची ओढाताण नसेल तर यादीत नसलेलं एक नाव सुचवते, बे लेक टॉवर. मॅजिक किंगडमला दहा-एक मिनिटांत चालत जाता येतं, पूर्ण सपाट रस्ता. बाथरूम तिथेही तीन. दुपारी दोनच्या कसोटीला त्याच्या तोडीचं दुसरं नाही. पण पॉइंट फार लागतात.

तारखांचं गणित आत्ताच मांडा. डिस्नेच्या पॉइंटवाल्या मालकाला स्वतःच्या मूळ रिसॉर्टचं (जिथले पॉइंट घेतलेत त्याचं) बुकिंग ११ महिने आधी करता येतं, बाकीच्या रिसॉर्टचं ७ महिने आधी. तुमच्या २ नोव्हेंबरसाठी ११ महिने डिसेंबरातच उलटले. ७ महिन्यांची तारीख २ एप्रिल, म्हणजे हातात थोडेच दिवस आहेत. तुमच्या सुट्टीला ओरलँडोवाले 'जर्सी वीक'च म्हणतात, इतकी गर्दी तुमच्याकडून येते. त्यामुळे किडानीच मूळ रिसॉर्ट असलेला मालक शोधा, ज्याने ते दिवस आधीच धरून ठेवलेत आणि आता स्वतः जात नाहीये. अशी तयार बुकिंगं मिळतात. ती नाही मिळाली तर २ एप्रिलला सकाळी आठला बुकिंग करून देणारा मालक हवा.

शार्लटचा_दादा

फक्त प्रेझेंटेशनबद्दल लिहितो, कारण हे आम्ही भोगलंय.

२०१४ साली आम्हीही तिकिटांसाठी बसलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. ९० मिनिटं म्हणाले होते, साडेचार तास झाले. मुलगी तीन वर्षांची, तिला खेळायला वेगळ्या खोलीत नेलं होतं, आणि दर अर्ध्या तासाने नवा माणूस येऊन "हा भाव फक्त आजच" म्हणत होता. मी दमून सही केली. बायको नको म्हणत होती, हे मला मान्य केलं पाहिजे. घरी येऊन कागद वाचले तेव्हा कळलं की आम्हाला मिळालेला आठवडा शाळेच्या सुट्टीत कधीच बसणार नव्हता, आणि वार्षिक मेंटेनन्स, जाऊ किंवा न जाऊ, भरावाच लागणार होता. तो दरवर्षी वाढत गेला. विकायला काढला तर फुकट घ्यायलाही कुणी तयार नाही. शेवटी २०२१ मध्ये कंपनीने परत घेतला, तोही आमच्याकडून पैसे घेऊन.

फ्लोरिडाच्या कायद्यात सही केल्यापासून १० दिवसांत करार रद्द करता येतो. शेवटचे कागद नंतर हातात आले असतील तर तेव्हापासून १० दिवस. रद्द करतोय हे लेखी कळवावं लागतं, फोनवर सांगून भागत नाही. मला हे चौदाव्या दिवशी समजलं. तुमच्या यजमानांना हा एक परिच्छेद तरी वाचून दाखवा.

आणि दिवसाचा हिशेब करा. आई-वडील आयुष्यात एकदा ओरलँडोला येणार, त्यांच्या सात दिवसांतला अर्धा दिवस विक्रेत्यासमोर कशाला? दर दोन वर्षांनी नक्की जाणार असं पुढे वाटलं तर डिस्नेचे पॉइंट जुन्या मालकाकडून रिसेलमध्ये घ्या. तिथेही अटी आहेत. करार कायमचा नसतो, प्रत्येक रिसॉर्टची मुदत ठरलेली आहे. ओल्ड की वेस्टचे बरेचसे २०४२ ला संपतात, किडानीचे २०५७ ला. जानेवारी २०१९ नंतर रिसेलमध्ये घेतलेले जुन्या रिसॉर्टचे पॉइंट रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टमध्ये चालत नाहीत. या एका सहलीसाठी मात्र काहीही विकत घेऊ नका.

कराड_ते_एडिसन

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. दादा, तुमचा परिच्छेद काल रात्री वाचून दाखवला. प्रेझेंटेशनचा विषय संपला. टॅम्पाकर ताई, तुमच्या वडिलांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

बे लेक टॉवर झेपणार नाही. किडानी नक्की करावं म्हणतोय. तरी तीन शंका आहेत. अनोळखी माणसाचे पॉइंट भाड्याने घ्यायचे तर पैसे बुडणार नाहीत ना? भाऊजींना नाही म्हटलेलं वाईट दिसेल, तर त्यांच्या मेंबरशिपचं काही होऊ शकतं का? आणि तिथल्या स्वयंपाकघरात पोळ्या, थोडा फराळ, एवढं होतं का? सासूबाई फराळ घरून करून आणणारच, पण करंज्या तिथे तळायच्या म्हणतात.

रानवारा

आमचे डिस्नेच्याच साराटोगा स्प्रिंग्ज रिसॉर्टचे पॉइंट आहेत आणि मी ते दर एक-दोन वर्षांनी भाड्याने देते, म्हणून मालकाच्या बाजूने सांगते.

बुकिंग मालकाच्या खात्यातून होतं पण पाहुण्यांच्या नावावर. सातही जणांची नावं त्यात घालायला सांगा. कन्फर्मेशन नंबर मिळाला की तो डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये स्वतःच्या खात्याला जोडा. तिथे तुमच्या नावाने बुकिंग दिसलं की ते खरं आहे. पण मालक ते नंतरही रद्द करू शकतो हे विसरू नका. म्हणून लेखी करार करा, सगळी रक्कम एकदम देऊ नका, किंवा मध्ये पैसे धरून ठेवणाऱ्या दलालामार्फत घ्या, थोडे जास्त पडतात. बहुतेक मालक पैसे परत करत नाहीत, कारण पॉइंटांना मुदत असते. तुमच्याबरोबर तीन ज्येष्ठ आहेत, ट्रिप इन्शुरन्स काढाच.

आरसीआयचं म्हणाल तर भाऊजींनी जो आठवडा जमा केला असेल त्याचा मोसम आणि खोलीचा आकार बघून बदली मिळते. स्टुडिओ जमा करून जर्सी वीकमध्ये टू-बेडरूम मिळणं कठीण. त्यांना सांगा, पुढच्या वेळी आम्ही दोघं मुलांना घेऊन एखाद्या निवांत आठवड्यात जाऊ तेव्हा तुमचा आठवडा वापरू. त्यांनी गेस्ट सर्टिफिकेट काढलं की तुमच्या नावाने राहता येतं. त्यांचा मान राहील.

स्वयंपाकघर पूर्ण असतं: शेगडी, ओव्हन, मोठा फ्रिज, डिशवॉशर, भांडी, ताटल्या. कपडे धुवायचं आणि वाळवायचं यंत्र खोलीतच. नसतं ते आपलं: पोळपाट-लाटणं, तवा, कुकर, चहाची गाळणी. गाळणी आम्ही दर वेळी विसरतो आणि दर वेळी पब्लिक्स सुपरमार्केटमध्ये नवी घेतो. करंज्या तळायचं मात्र सासूबाईंना प्रेमाने नको म्हणा. धुराचा अलार्म फार हळवा असतो आणि तो वाजला की तिघंही घाबरून जातील. करंज्या घरून नेल्या तर टिकतात. पणत्याही बॅटरीच्या न्या, खोलीत ज्योत लावता येत नाही. रोज साफसफाईला कुणी येत नाही, मध्ये एकदा टॉवेल आणि कचरा बदलतात, तेव्हा उटण्याने माखलेल्या टॉवेलांचा हिशेब आधीच करा.

सासूबाईंच्या मधुमेहासाठी: पार्कमध्ये घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची भांडी नकोत. आम्ही थालीपिठं आणि दह्याचा छोटा डबा बर्फाच्या पाकिटावर ठेवून नेतो. बाराला भूक लागली की बाकावर बसून खायचं, रांग नाही. आणि किडानीतच सना नावाचं रेस्टॉरंट आहे. तिथे नान आणि त्याबरोबर नऊ प्रकारच्या चटण्या, रायतं, लोणची यांचं ताट मिळतं. सासऱ्यांना खिडकीकडेची जागा मागून घ्या, समोर जनावरं दिसतात.

टॅम्पाकर

रानवारा यांनी सगळं सांगितलं. मी पार्कपुरतं थोडं जोडते.

डिस्नेमध्ये राहणाऱ्यांना लाइटनिंग लेन (राइडची लांब रांग टाळायचा विकतचा पास) मुक्कामाच्या ७ दिवस आधी घेता येते, बाहेरच्यांना ३ दिवस आधी. गर्दीच्या आठवड्यात हा फरक जाणवतो. सकाळी अर्धा तास आधी आत सोडतात, तेव्हा तुम्ही दोघं आणि मुलं पहिल्या बसने जा, ज्येष्ठांना दहा-साडेदहाला यजमान जाऊन घेऊन येतील. मुलीची दहा वर्षं त्याआधी भरणार नसतील तर तिचं तिकीट लहान मुलाचंच लागेल. मुलाची उंची आत्ताच मोजा; ९७ सेंटिमीटर भरली तर सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन ही राइड त्याची झाली.

सासऱ्यांना एपकॉट पार्कमधली 'लिव्हिंग विथ द लँड' ही राइड चुकवू देऊ नका. होडीत बसून हरितगृहांमधून नेतात, मातीशिवाय वाढवलेली वांगी, भोपळे, टोमॅटो बघायला मिळतात. माझ्या वडिलांना मी तीनदा नेलं. चौथ्यांदा ते एकटेच जाऊन आले. अ‍ॅनिमल किंगडमच्या सफारीत ट्रक फार हादरतो, आईंनी मागच्या बाकांवर बसू नये. मुलगी युनिव्हर्सलचं नवीन एपिक युनिव्हर्स मागत असेल तर ती आणि बाबा एक दिवस जाऊन येतील. त्या दिवशी बाकीच्यांनी गॅलरीत बसावं.

कराड_ते_एडिसन

काल एक मालक मिळाल्या, किडानीच त्यांचं मूळ रिसॉर्ट आहे आणि २ ते ९ नोव्हेंबर सव्हाना व्ह्यू टू-बेडरूम त्यांनी डिसेंबरातच धरून ठेवलाय. दलालामार्फत करार होतोय. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. जिराफ, तलाव, दिवाळी सगळं सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "लिफ्ट आहे ना गं?" तिने स्वतःहून विचारण्याची ही पहिलीच वेळ. व्हीलचेअरचं मात्र अजून बोलायला जीभ रेटत नाही. ती कधीच बसणार नाही.

टॅम्पाकर

आत्ता काही बोलू नका. रिसॉर्टवर आणून देणाऱ्यांकडून आठवड्यासाठी साधी, ढकलायची खुर्ची भाड्याने घ्या. पहिल्या दिवशी तिच्यावर डब्यांची पिशवी, पाणी आणि मुलाचं जॅकेट ठेवा आणि आईंनाच ढकलायला द्या. हाताला आधार मिळतो, काठीपेक्षा बरा. माझ्या आईने पहिला दिवस तसाच काढला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी पाण्याच्या बाटल्या भरून आणायला गेले. परत आले तर पिशवी तिच्या मांडीवर होती आणि ती खुर्चीत बसून नातवाला म्हणत होती, "चल, आता तू ढकल."